रडायचं थांबलेली मुलं

१९५२च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये डॉक्टरांच्या एका सभेत एक मूकपट दाखवला गेला. अडीच वर्षांच्या आसपासची एक मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच त्याची गोष्ट. जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्याने तो स्वतःच्या हातातल्या कॅमेऱ्यावर टिपला होता. सोयीचे तेवढे प्रसंग निवडले असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळीच चित्रण करायचं आणि घड्याळ चौकटीत येऊ द्यायचं, हा त्याचा नियम होता. मुलगी वॉर्ड डोक्यावर घेत नाही. फारशी रडतही नाही. टेडी अस्वल आणि घरून आणलेलं पांघरूण कवटाळून बसते, मधूनच आई कुठे आहे म्हणून विचारते, चेहरा रडवेला होतो आणि ती तो पुन्हा सावरते. आठव्या दिवशी आई न्यायला येते. मुलगी आपल्या सगळ्या वस्तू गोळा करून निघते, पण आईचा हात धरत नाही.

ते पाहून सभेतले बरेच डॉक्टर संतापले. रॉबर्टसन रुग्णालयांची बदनामी करतो आहे, असं त्यांना वाटलं. त्या काळी ब्रिटनमधल्या कित्येक बालवॉर्डांत आईवडिलांना आठवड्यातून एकदोनदाच सोडायचे, आणि त्यामागचं कारण सद्भावनेचंच होतं: आई आली की मूल रडतं, गेली की आणखी रडतं, ती आलीच नाही तर दोनचार दिवसांत रमतं. गप्प झालेलं मूल म्हणजे रमलेलं मूल. आपल्याकडेही हाच शब्द वापरतात. ‘पहिले दोन दिवस रडला, आता छान रमलाय.’ आणि त्याला जोडून येणारं ते ठरलेलं वाक्य, ‘लहान आहे, त्याला काय कळतंय?’

बालपण आणि मनोविकार यांच्या नात्याबद्दल गेल्या पाऊणशे वर्षांत जे काही कळलं, त्याचा माग काढताना मी पुन्हा पुन्हा या गप्प मुलांपाशी येऊन थांबतो.

रॉबर्टसनच्या आधी रेने श्पिट्झ या मनोविश्लेषकाने १९४५ साली दोन ठिकाणच्या तान्ह्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली होती. एक होतं अनाथालय: स्वच्छ, दूधपाणी वेळेवर, डॉक्टर हजर, पण एकेका दाईकडे कितीतरी बाळं. दुसरं होतं स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. अनाथालयातली एक तृतीयांशाहून जास्त मुलं दोन वर्षांत दगावली. तुरुंगातलं एकही नाही. गोवराची साथ हे त्या मृत्यूंमागचं एक कारण होतं आणि श्पिट्झच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली, तरी त्या दोन खोल्यांतला फरक कुणाला पुसता आला नाही.

याच वाटेवर जॉन बोल्बी चालत होता. लंडनच्या सधन घरातला हा मुलगा, आई त्याला चहानंतर तासभर भेटायची. बाकीचा दिवस दाईचा. तो चारेक वर्षांचा असताना ती दाई काम सोडून गेली. पुढे कोवळ्या वयातच त्याला निवासी शाळेत पाठवलं. मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर त्याने चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या १४ मुलांना कुणाबद्दलच ओलावा उरलेला नव्हता, आणि त्या १४ पैकी १२ जण अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ तुटलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने १९५१ मध्ये अहवाल लिहिला. रॉबर्टसन आणि त्याने मिळून ताटातुटीच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी आकांत, मग निराशा, शेवटी अलिप्तता. वॉर्डातल्या माणसांना जे ‘रमणं’ वाटत होतं, ती ही तिसरी पायरी होती. १९५९ साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीने बालवॉर्ड पालकांसाठी खुले ठेवण्याची शिफारस केली. एका घरगुती कॅमेऱ्याचा त्यात मोठा वाटा होता.

इथवरची वाट बरोबर होती. त्याच सुमारास एक वाईट वळण लागलं, आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलून चालणार नाही. बालपणाचा परिणाम होतो, असं म्हणताम्हणता ‘आईमुळे होतो’ असं म्हटलं जाऊ लागलं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनिया ‘घडवणारी आई’ अशी संज्ञा वापरली. स्वमग्न मुलांच्या आया बर्फासारख्या थंड असतात, हा समज लिओ कॅनरच्या लिखाणातून निघाला आणि ब्रूनो बेटेलहाइमच्या १९६७च्या पुस्तकाने घराघरांत पोचवला. ज्या बाईचं मूल तिच्याकडे बघत नव्हतं, तिलाच सांगितलं गेलं, की तू प्रेम केलं नाहीस म्हणून हे झालं. बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी १९६४ मध्येच हे खोडून काढायला सुरुवात केली होती. १९७७ मध्ये सूझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासाने स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दाखवलं. तोवर एक पिढीभर आया अपराधी भावनेत जगल्या. हा या शास्त्राने केलेला अन्याय होता.

आईकडे बोट दाखवण्याऐवजी आईच्या भोवती पाहिलं तर काय दिसतं, याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७० गर्भवतींना बाळंतपणानंतरही गाठलं. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. कशाने वाढला धोका? पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली म्हणून. नैराश्यातल्या आयांची बाळं सहा महिन्यांनी वजनातही मागे पडलेली दिसली. आता या बाळाच्या बालपणाला जबाबदार कोण, आई? तिला मुलगा झाला असता तर धोका कमी झाला असता!

रटर यांचं नाव इथे पुन्हा घ्यायला हवं. १९४० मध्ये युद्धाच्या धास्तीने सातएक वर्षांच्या या मुलाला बहिणीसह अमेरिकेत पाठवलं गेलं, आणि तिथल्या कुटुंबात ती दोघं आनंदात राहिली. ताटातूट झाली की मूल मोडतंच असं नसतं, हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होतं. १९७२च्या पुस्तकात त्यांनी बोल्बीची मांडणी नीट उलगडली. तात्पुरतं दूर जाणं वेगळं, नातं तुटणं वेगळं, आणि नातं कधी जुळलंच नाही हे सर्वांत गंभीर. शिवाय नातं आईशीच हवं असंही नाही. ते टिकाऊ हवं.

याची कसोटी रुमानियात लागली, फार भयंकर रीतीने. १९६६ मध्ये तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूने लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. पोसता न येणारी मुलं सरकारी संस्थांत जमा होत गेली. १९८९च्या नाताळात त्याची राजवट संपली तेव्हा अशा संस्थांत लाखाहून अधिक मुलं होती. पुढे तिथे काम केलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक गोष्ट सांगितली, ती वाचल्यावर विसरता येत नाही: तान्ह्या बाळांच्या खोलीत शांतता असायची. ओळीने पाळणे, आणि रडणं नाही. रडून कुणी येत नाही, हे त्या बाळांना कळलेलं होतं.

त्याला काय कळतंय, याचं उत्तर त्या खोलीत आहे.

ब्रिटनमधल्या घरांनी दत्तक घेतलेल्या रुमानियातल्या १६५ मुलांचा रटर यांच्या गटाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुलं बहुतांशी इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना चंचलता, माणसांत मिसळण्यातल्या अडचणी तरुणपणापर्यंत पुरल्या. पण त्यांच्यातही साधारण पाचांतल्या एकाला असा कोणताच त्रास आढळला नाही.

बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थांतली १३६ बाळं निवडली. निम्म्यांसाठी पालनकर्ती कुटुंबं शोधली, तयार केली; निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कोण कुठे, हे सोडतीने ठरलं. हे वाचताना पोटात कालवतं. मात्र त्या वेळी देशात पालनकुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच आणि संस्थेत राहिलेल्या मुलांना नंतर घर मिळालं तर अडवायचं नाही, अशी अट होती, हेही सांगायला हवं. साडेचार वर्षांची होईतो, आयुष्याची सुरुवात संस्थेत झालेल्या मुलांपैकी ५३ टक्क्यांना कोणता ना कोणता मनोविकार जडलेला होता. घरी वाढलेल्यांत २२ टक्क्यांना. कुटुंबात गेलेल्या मुलांमधली भीती आणि उदासी कमी झाली, विशेषतः मुलींमधली. चंचलता मात्र तशी हटली नाही. आणि जी मुलं दोन वर्षांच्या आत घरी पोचली, त्यांची नाती जास्त घट्ट जुळली. याचा अर्थ, उशीर झाला तरी उपयोग असतो, पण लवकर पोचण्याला तोड नाही. पुढे रुमानियाने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला कायद्याने बंदी घातली.

संस्थेची गोष्ट दूरची वाटेल. साध्यासुध्या घरांतलं काय? १९८५ मध्ये सान दिएगोत व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात एक कोडं पडलं: ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं, तेच उपचार सोडून जात. विचारपूस करताना कित्येकांच्या लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं निघालं. वाढलेलं वजन हे त्यांचं चिलखत होतं. त्यातून सतरा हजारांहून जास्त प्रौढांचा अभ्यास उभा राहिला, बहुतेक मध्यमवर्गीय, विमा असलेले. मार, अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांपैकी निदान एक तरी दोन तृतीयांश लोकांच्या वाट्याला आला होता. असे अनुभव जितके जास्त, तितकं नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न जास्त. आता काही ठिकाणी या यादीवरून एकेका माणसाला गुण देऊन त्याचं भविष्य सांगतात. तसं करू नका, असं या अभ्यासाचे एक जनक रॉबर्ट अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं. समूहाचा कल म्हणजे माणसाची कुंडली नव्हे. खडतर अनुभवांतून नैराश्य येणं एका जनुकावर ठरतं, असं सांगणारं २००३ चं गाजलेलं संशोधनही पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकलं नाही.

आपल्या देशातल्या १३ राज्यांतल्या, महाराष्ट्रासकट, १२,४४७ मुलांशी बोलून केंद्र सरकारने २००७ मध्ये अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि बहुतेकांनी तो घरी कुणालाही सांगितलेला नव्हता. पुन्हा तीच शांतता. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला.

मग सगळं ऐकल्यावर मनाला आधार कशाचा? हवाईतल्या काउआई बेटाचा. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर आणि त्यांचे सहकारी चाळीस वर्षं राहिले. गरिबी, भांडणं, आजारी आईवडील अशा कचाट्यात सापडलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश मुलं कर्तीसवरती, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात समान काय होतं, हे शोधल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या मागे निदान एक माणूस उभा सापडला. आजी, मावशी, शिक्षिका, शेजारीण. कायम असणारं कुणीतरी.

हे वाचताना मला बीडकडची गावं आठवतात. गाळप हंगाम सुरू झाला, मुकादमाची उचल घेतली, की नवराबायको मिळून एक कोयता होऊन ऊसतोडीसाठी ट्रकमध्ये चढतात आणि मूल सहा महिने आजीजवळ राहतं. त्या आजीच्या हाती भाकरीपलीकडे काय आहे, हे आपण अजून ओळखलेलं नाही. सरकारी योजना वसतिगृहं मोजतात. मोजायला हवी ती माणसं. वसतिगृहात एकच ताई वर्षानुवर्षं टिकते का, हा प्रश्न खाटांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. अनाथ किंवा एकपालक मुलाला संस्थेत न पाठवता नातेवाइकांच्या, कुटुंबाच्या घरी वाढवता यावं म्हणून तीतून दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो. कागदपत्रं गोळा करताना दमून कित्येक आज्या तो नाद सोडून देतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावी अशी एखादी आजी असेल, तर या महिन्यात एक दुपार काढा आणि तिच्यासोबत त्या कार्यालयात जा.