अनौपचारिक मुलाखतीसाठी पोशाख कसा निवडावा?

नोकरीसाठी अर्ज केलेल्या उमेदवाराला मुलाखतीचे बोलावणे आले की घरात आनंद होतो आणि त्यापाठोपाठ एक चिंताही शिरते. जाताना अंगावर काय घालावे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मुलांनी फिकट रंगाचा, इस्त्री केलेला सदरा, गडद पँट व पॉलिश केलेले बूट घालावेत आणि मुलींनी साधी सुती साडी नेसावी, एवढे सांगितले की काम भागत असे. आता बोलावण्याची रीतच पालटली आहे. टपालाने येणाऱ्या पत्राऐवजी भ्रमणध्वनीवर दोन ओळींचा संदेश येतो. ‘अनौपचारिक भेट आहे, साध्या वेशात या,’ असे त्यात लिहिलेले असते. भेट मंडळासमोर न होता कारखान्याच्या फाटकाजवळील खोलीत, हॉटेलच्या मागील दालनात किंवा चहाच्या टेबलाशी होते. संदेश वाचून उमेदवार अधिकच गोंधळतो. साधा वेश म्हणजे नेमका कोणता, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

हा प्रश्न वरवर किरकोळ भासला, तरी प्रत्यक्षात तो तसा नाही. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या गट ‘क’ व ‘ड’ तसेच गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत घेणे बंद केले. खाजगी क्षेत्रात मात्र निवडीचा मुख्य भार आजही समोरासमोरच्या भेटीवरच आहे. गोव्यातील हॉटेले, औषधांचे कारखाने, दुकाने, खाजगी शाळा आणि संगणकावर काम करणारी कार्यालये अशाच भेटींतून माणसे निवडतात. सत्तरी, पेडणे किंवा काणकोणातील खेड्यातून येणाऱ्या तरुणाला वा तरुणीला कपड्यांच्या संकोचापायी पाऊल मागे घ्यावे लागू नये, यासाठी या विषयाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

‘अनौपचारिक’ या शब्दाचा अर्थ

भेट अनौपचारिक आहे याचा अर्थ कोट आणि टाय यांची अपेक्षा नाही, इतकाच घ्यावा. उमेदवाराकडे कोणी पाहणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हा भेद ध्यानी न आल्यामुळे दोन प्रकारच्या चुका घडतात.

समजा, तंत्रनिकेतनातून विजेच्या कामाची पदविका घेतलेला एक तरुण किनारपट्टीवरील हॉटेलात देखभाल विभागाच्या जागेसाठी निघाला आहे. मुलाखत म्हणजे मोठी गोष्ट, या समजुतीने घरच्यांनी उसने पैसे काढून त्याला कोट शिवला. मे महिन्याच्या उन्हात दोन बसगाड्या बदलून तो पोहोचतो तेव्हा घामाने भिजलेला असतो. विभागप्रमुख त्याला जनित्राच्या खोलीत नेऊन यंत्र दाखवू लागतात, तर कोट सांभाळावा की यंत्र पाहावे, हे त्याला समजत नाही. दुसरा तरुण नेमके उलट करतो. ‘साध्या वेशात या’ हे शब्द तो अक्षरशः घेतो आणि घरात वापरायचा विटलेला टी-शर्ट व रबरी चपला घालून जातो. दोघांचेही ज्ञान पुरेसे आहे, पण पहिल्याचे लक्ष स्वतःच्या कोटात गुंतले, तर दुसऱ्याने या भेटीला आपण फारसे महत्त्व देत नाही असा समज करून दिला. पोशाखाने उमेदवाराची श्रीमंती दाखवायची नसते. काम कोणते आहे हे त्याला कळले आहे आणि त्यासाठी तो तयारीने आला आहे, एवढेच त्यातून दिसावे.

एक पायरी वर

अशा प्रसंगी एक सोपा नियम उपयोगी पडतो. त्या ठिकाणी ते काम करणारे लोक रोज जे घालतात, त्याहून एक पायरी वरचा पोशाख करावा. दोन पायऱ्या वर चढू नये आणि एकही पायरी खाली उतरू नये. तेथे लोक टी-शर्ट घालत असतील, तर उमेदवाराने कॉलरचा शर्ट घालावा. तेथे शर्ट व पँट असा वेश असेल, तर त्याच वेशाला कडक इस्त्री आणि बुटांची जोड द्यावी. स्त्रिया तेथे सलवार-कमीज घालत असतील, तर फिकट किंवा एकरंगी, ओढणी नीट बसवलेला सलवार-कमीज पुरेसा होतो; ठेवणीतील रेशमी साडीची आवश्यकता नसते.

तेथील लोक काय घालतात, हे कळण्याचे मार्गही सोपे आहेत. संदेश पाठविणाऱ्यास दूरध्वनी करून सरळ विचारावे. असे विचारण्यात कमीपणा नसून त्यातून व्यवस्थितपणाच दिसतो. गावातील कोणी त्या आस्थापनेत कामाला असल्यास त्याच्याकडे चौकशी करावी. कारखान्याची बस ज्या तिठ्यावर थांबते, तेथे पाळी सुटण्याच्या वेळी दहा मिनिटे उभे राहिले, तरी पुरेशी कल्पना येते.

कामानुसार निवड

यंत्रांच्या कामासाठी जाताना अंगाला नीट बसणारे, लोंबते टोक नसलेले कपडे निवडावेत आणि पायांत पुढून बंद असलेली पादत्राणे असावीत. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे वापरावेत व ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमातच करण्यात आली होती. सैल बाही किंवा ओढणी फिरत्या पट्ट्यात ओढली गेल्यास जिवावर बेतते, हे त्यामागील कारण होय. उमेदवार घट्ट बाहीचा शर्ट घालून आला, तर त्याला ही जाण आहे हे मुलाखत घेणाऱ्यास न सांगता कळते.

औषधांच्या किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात उत्पादनाच्या जागी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ व नखांचा रंग यांना मनाई असते, कारण त्यांचे कण मालात मिसळू शकतात आणि त्यांच्या खाली मळ साचतो. म्हणून तेथे जाताना नखे कापलेली असावीत, दागिने कमीत कमी असावेत व केस बांधलेले असावेत. हॉटेलात पाहुण्यांसमोर वावरण्याचे काम असल्यास दाढी, केस, नखे आणि पादत्राणे यांकडे विशेष लक्ष दिले जाते. उग्र वासाचे अत्तर तेथे टाळावे. शाळेतील जागेसाठी फळ्यावर हात उंचावून लिहिता येईल आणि मुलांच्या बाकाजवळ वाकता येईल असा पोशाख असावा. संगणकाच्या कार्यालयात नेहमीचा वेश बहुधा सर्वांत मोकळा असतो, तरीही फाटकी जीन्स व मोठ्या अक्षरांत मजकूर छापलेला टी-शर्ट पहिल्या भेटीत नकोच.

कापड आणि हवामान

गोव्याची हवा दमट आहे आणि येथे वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. या हवेचा विचार केल्यावाचून कापड निवडणे चुकीचे ठरते. सुती धागा हवेतील व अंगावरील ओलावा शोषतो. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम सुती कापड आठ ग्रॅमच्या आसपास ओलावा धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. यामुळे उन्हाळ्यात सुती सदरा सुखाचा वाटतो आणि निव्वळ पॉलिएस्टरचा सदरा अंगाला चिकटतो. उलटपक्षी, सुती कापड लवकर चुरगळते व पावसाळ्यात लवकर वाळत नाही. या दोहोंचे मिश्रण असलेले टेरिकॉट मधला मार्ग ठरते. बसचा प्रवास लांबचा असेल, तर ते अधिक सोयीचे पडते.

पावसाळ्यात आणखी काही दक्षता घ्याव्या लागतात. कपाटात ठेवलेल्या कपड्यांना कुबट वास लागतो. तो घरच्यांच्या सवयीचा झालेला असतो, परंतु परक्या माणसाला लगेच जाणवतो. मुलाखतीचा पोशाख चार दिवस आधीच बाहेर काढून धुवावा, उघडीप मिळताच उन्हात किंवा वाऱ्यावर टाकावा आणि पूर्ण वाळल्यावरच त्याला इस्त्री करावी. अर्धवट ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवून भागवल्यास वास पुन्हा येतो. डांबर गोळ्यांचा वासही आदल्या दिवशी वारा लागू दिल्याने कमी होतो. वाटेत चिखल असल्यास रबरी चपला घालून निघावे व बूट पिशवीतून न्यावेत. पोहोचल्यावर पाय पुसून बूट चढवावेत. एक लहान टॉवेल आणि कागदपत्रांसाठी पाणी न शिरणारी पिशवी सोबत असावी.

खर्च किती करावा?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, बहुतेक वेळा नवा खर्च करण्याचे कारणच नसते. घरात असलेल्या कपड्यांतून एक जोड निवडावा. बटणे तपासावीत, सुटलेली शिवण घालून घ्यावी आणि कॉलर झिजली असल्यास गावच्या शिंप्याकडून ती उलटवून घ्यावी. थोरल्या भावाचा शर्ट किंवा बहिणीचा ड्रेस वापरायचा असल्यास तो खांद्यात बसतो की नाही, एवढे मात्र अवश्य पाहावे. खांद्यात बसलेला जुना शर्ट मापात न बसणाऱ्या नव्या शर्टापेक्षा चांगला दिसतो. खर्च करणे भागच असेल, तर तो बुटांवर करावा, कारण नोकरी लागल्यावरही ते उपयोगी पडतात. कर्ज काढून कपडे घेऊ नयेत. नोकरी मिळाली नाही, तर ते ओझे घरावर राहते आणि मुलाखतीच्या वेळी त्याची भीती उमेदवाराच्या चेहऱ्यावर उमटते.

निवडलेला पोशाख आदल्या दिवशी एकदा पूर्ण घालून पाहावा. खुर्चीवर बसावे, हात वर करावेत, थोडे चालावे. कुठे काचत असेल, सारखे सावरावे लागत असेल, तर तो बदलावा. अंगावरील कपड्यांचा विसर पडला, म्हणजे निवड बरोबर झाली असे समजावे.

पोशाख आणि प्रतिष्ठा

आपल्या समाजात पोशाखाला केवळ सोयीचा इतिहास नाही. कोणी काय घालावे आणि काय घालू नये, हे दीर्घकाळ जातीवरून ठरवले जात होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांसमोर भाषण केले. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडून द्यावेत, वस्त्र जुने असले तरी ते स्वच्छ असावे, असा उपदेश त्यांनी केला. भारी वस्त्र घ्या, असे त्यांनी सांगितले नाही. आपण कोणापेक्षा कमी नाही ही भावना वस्त्रातून प्रकट व्हावी, हा त्यामागील आशय होता. आपल्या कपड्यांची लाज वाटून फाटकापाशी घुटमळणाऱ्या उमेदवाराला आजही त्यातून धीर मिळू शकेल.

मुलाखत घेणाऱ्यांची जबाबदारी

सगळा भार उमेदवारावर टाकणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. सैन्यातील अधिकाऱ्यांना आपल्या हाताखालील माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व व चारित्र्य यांचे स्वतंत्र मूल्यमापन करण्यास सांगितले असता, एका गुणाबद्दलच्या मताची छाया इतर सर्व गुणांवर पडत असल्याचे त्यांना आढळले. ज्याची छाप चांगली पडली, तो सर्वच बाबतींत चांगला वाटू लागतो. मुलाखत घेणाऱ्याच्या बाबतीतही हेच घडते. चांगल्या शिवणीचा शर्ट पाहून त्यात बुद्धीही दिसू लागते आणि मळखाऊ रंगाच्या जुन्या शर्टामागील कौशल्य नजरेतून सुटते.

यावर उपाय कठीण नाहीत. बोलावण्यातच अपेक्षित पोशाख स्पष्ट शब्दांत लिहावा, उदाहरणार्थ, ‘शर्ट-पँट किंवा सलवार-कमीज, बंद पादत्राणे, कोट नको.’ सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत व प्रत्येक उत्तराचे गुण त्याच वेळी नोंदवावेत. शक्य तेथे हातातील काम करवून पाहावे. स्वच्छता व कामातील सुरक्षितता यांपलीकडे पोशाखाला गुण देऊ नयेत. कपाळावरील कुंकू, गळ्यातील क्रूस किंवा डोक्यावरील ओढणी यांवरून योग्यता ठरत नाही. शासकीय नोकरीत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास संविधानाच्या अनुच्छेद १६ ने मनाई केली आहे. खाजगी मालकांनीही तोच दंडक स्वतःहून पाळणे इष्ट होय.

शिक्षकांनाही या कामी मोठा हातभार लावता येईल. दहावी-बारावीच्या व औद्योगिक प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा लुटुपुटीची मुलाखत घ्यावी. त्या दिवशी प्रत्येकाने घरातील उपलब्ध कपड्यांतूनच पोशाख करून यावे आणि का निवडला ते सांगावे. शाळेत अथवा पंचायतीच्या वाचनालयात एक आरसा, एक इस्त्री आणि बुटांच्या पॉलिशची डबी ठेवल्यास ज्या घरांत या वस्तू नाहीत, तेथील मुलांची मोठी अडचण दूर होईल.

पोशाखामुळे नोकरी मिळत नाही. ती कामाच्या ज्ञानामुळे मिळते. परंतु ते ज्ञान मांडण्याची संधी मिळेपर्यंतची पहिली काही मिनिटे पोशाखाच्या हाती असतात. स्वच्छ, मापाचा, कामाला साजेसा आणि आपल्या ऐपतीतील पोशाख ती मिनिटे सुखरूप पार पाडतो. त्यापुढे बोलायचे ते उमेदवाराने, आणि ऐकून घ्यायचे ते समोर बसलेल्या अधिकाऱ्याने.