‘नाइट अँड फॉग’मधील झाकलेली टोपी

अलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘नाइट अँड फॉग’ हा अनुबोधपट अवघा ३२ मिनिटांचा आहे. नाझी छळछावण्या मुक्त झाल्याला दहा वर्षे होत असताना, १९५५ साली, तो तयार झाला. ऑश्विट्झच्या ओस पडलेल्या बराकी आणि गवत माजलेले रूळ रंगीत, तर युद्धकाळातील चित्रे कृष्णधवल. निवेदन झाँ केरॉल या कवीचे. तो स्वतः माउथहाउझेनच्या छावणीतून जिवंत परतलेला. म्हणूनच की काय, त्यात कोठेही आक्रोश नाही.

प्रथम वर्षात हा अनुबोधपट पाहिला तेव्हा प्रेतांचे ढीग तेवढे मनात राहिले होते. यंदा पुन्हा पाहताना लक्ष गेले ते निराळ्याच गोष्टीकडे. छावणी उभारायची म्हणजे कंत्राटदार आले, अंदाजपत्रके आली, चढाओढ आली आणि लाचलुचपतही आली, हे केरॉल किती सहज सांगून जातो!

आजच्या मुलांना इतिहास ठाऊक नाही, ही तक्रार आपण प्राध्यापकांकडून नेहमी ऐकतो. मला ती पुरती पटत नाही. हिटलर, विषारी वायू, मारले गेलेले साठ लाख ज्यू हे आमच्या वर्गात कोणीही सांगेल. ठाऊक नसते ते हे, की माणसांच्या याद्या कोणी केल्या, गाड्या कोणी सोडल्या, पहाऱ्यावर कोण उभे होते. बरोबर बसलेल्या एका कनिष्ठ विद्यार्थिनीने विचारलेच, “हे सारे जर्मनांनी केले ना? मग फ्रेंचांना एवढे काय लागले?”

प्रश्न नेमका वर्मी बसणारा आहे. चित्रपटात पितिव्हिए येथील छावणीचे एक छायाचित्र येते. पहारेकऱ्याच्या डोक्यावर फ्रेंच शिपायाची टोपी आहे. फ्रेंच सेन्सॉरने हरकत घेतली आणि रेनेला ती टोपी तुळईसारखा पट्टा रंगवून झाकावी लागली. वास्तविक जुलै १९४२ मध्ये पॅरिसमधील सुमारे तेरा हजार ज्यूंची धरपकड फ्रेंच पोलिसांनीच केली. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. अनेक कुटुंबांना याच पितिव्हिएत कोंडले गेले.

दुसरी उणीव खुद्द चित्रपटाची. ‘ज्यू’ हा शब्द निवेदनात जवळजवळ येतच नाही; अ‍ॅमस्टरडॅमच्या एका विद्यार्थ्याची ओळख सांगताना येतो तेवढाच. शीर्षकही आले आहे ते हिटलरच्या डिसेंबर १९४१ च्या हुकमावरून, आणि तो हुकूम प्रतिकार करणाऱ्यांना गुपचूप नाहीसे करण्यासाठी होता. त्या काळी फ्रान्सला आपल्या प्रतिकारवीरांची आठवण अधिक सोयीची होती, असे मला वाटते.

फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली ती १६ जुलै १९९५ रोजी. नंतरच्या प्रतींत टोपीवरचा पट्टाही निघाला आहे. ते छायाचित्र पडद्यावर काही क्षणच राहते. आपल्या महाविद्यालयात हा अनुबोधपट पुन्हा लागला, तर दाखवणाऱ्याला तेथे थोडे थांबवायला सांगावे.