पायाखालचा दगड आणि पृथ्वीचे वय

यवतमाळ जिल्ह्यातील नेरच्या भागात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा, कठीण दगड. हा दगड म्हणजे बेसाल्ट, अर्थात थिजलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग यानेच व्यापलेला आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे, असे आपण वर्गात सांगतो तेव्हा एखादा धीट विद्यार्थी विचारतोच, "पण हे मोजलं कुणी? तेव्हा तिथं कोण होतं?" 'शास्त्रज्ञांनी सांगितले आहे' हे काही याचे उत्तर नव्हे. तेवढ्यावर मुलाला गप्प बसवले तर तो आकडा पाठ करील आणि प्रश्न विचारणे सोडून देईल. म्हणून विहिरीतल्या दगडापासूनच सुरुवात करू.

या दगडात थोडे पोटॅशियम असते. त्यातल्या दर दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो. असे अणू एकेक करून बदलत जातात. बदललेल्या नऊ अणूंपैकी सुमारे आठांचे कॅल्शियम होते आणि एकाचा आर्गॉन वायू. कॅल्शियम दगडात आधीपासूनच भरपूर असते, त्यामुळे नवे कोणते आणि जुने कोणते हे कळणे कठीण. आर्गॉनचे तसे नाही. लाव्हा पातळ असतो तोवर हा वायू निसटून जातो, आणि दगड घट्ट झाला की आत तयार होणारा आर्गॉन तिथेच अडकतो. म्हणजे लाव्हा थिजला त्या क्षणी घड्याळ शून्यावर आले आणि चालू झाले.

पोटॅशियम-४० निम्मे उरायला १२५ कोटी वर्षे लागतात. एवढी वर्षे थांबले कोण? कोणीच नाही, आणि थांबायची गरजही नाही. एक ग्रॅम साध्या पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३० अणू बदलतात. त्यांतून बाहेर पडणारे किरण मोजता येतात. एकूण अणू किती आणि सेकंदाला बदलतात किती, हे कळले की बाकीचे काम गणिताचे.

वर्गात हे चिंचोक्यांनी दाखवता येईल. फोडलेले शंभर चिंचोके घ्या. ते जमिनीवर टाका, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढा, उरलेले मोजा आणि पुन्हा टाका. चार-पाच वेळा असे करून आकडे फळ्यावर लिहा. मग एका गटाने किती वेळा टाकले ते न सांगता फक्त उरलेले चिंचोके दुसऱ्या गटाला मोजायला द्यावेत. दुसरा गट फेऱ्यांची संख्या बरीच अचूक ओळखतो. चिंचोके बरोबर निम्मे निम्मे पडत नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही. दर फेरीत उरणाऱ्यांचे प्रमाण साधारण तेच राहिले म्हणजे झाले.

आपल्या भागातील लाव्ह्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे येते. एवढ्या काळात पोटॅशियम-४० च्या दर हजार अणूंपैकी फक्त ३६ बदलतात आणि त्यांतले जेमतेम चार आर्गॉनचे होतात. मोजणी किती नाजूक असेल याची यावरून कल्पना यावी. दगड मुरमाकडे झुकलेला असेल तर आर्गॉन निसटतो आणि दगड आहे त्याहून तरुण वाटतो. जुना आर्गॉन आत राहून गेला असेल तर तो म्हातारा वाटतो. म्हणूनच १९८० च्या दशकापर्यंत या दगडाची वये ३ कोटींपासून ८ कोटींपर्यंत विखुरलेली येत. ताजे नमुने निवडून आणि पद्धत सुधारून ती एका जागी आली. (मुले येथे हमखास 'कार्बन डेटिंग' म्हणतात. कार्बन-१४ निम्मा व्हायला ५,७३० वर्षेच लागतात. पन्नासएक हजार वर्षांच्या पलीकडे त्याचा उपयोग नाही.)

पण ६.६ कोटी हे नेरच्या दगडाचे वय झाले, पृथ्वीचे नव्हे. याच जिल्ह्यात वणीकडे दगडी कोळसा निघतो, तो २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. गडचिरोली-भंडाऱ्याकडचे पट्टेदार खडक दोनशे कोटींच्या पुढचे. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे झिर्कॉन खनिजाचे कण सापडले, ते सुमारे ४४० कोटी वर्षांचे. पुढे मात्र वाट बंद होते. पृथ्वीने आपले पहिले कवच वितळवून, झिजवून पुसून टाकले आहे.

मग शास्त्रज्ञ अशनींकडे वळले. सूर्य, ग्रह आणि अशनी एकाच द्रव्यातून, जवळपास एकाच सुमारास घडले. फरक एवढाच की लहान तुकडे लवकर थंड झाले आणि तसेच राहिले. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे असे दगड पडले. नेरपासून हे ठिकाण सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. या जातीचे अशनी साडेचारशे कोटी वर्षांहून जुने असतात.

अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन यांनी अशनींतले शिसे मोजले. युरेनियमचे हळूहळू शिसे होते, आणि युरेनियमच्या दोन प्रकारांपासून दोन वेगळ्या प्रकारचे शिसे, वेगवेगळ्या गतीने. लोखंडी अशनींत युरेनियम जवळजवळ नसते, म्हणून त्यांतले शिसे आरंभी होते तसेच राहिले. दगडी अशनींत मात्र भर पडत गेली. दोन्हींची तुलना करून पॅटरसन यांनी १९५६ साली वय काढले: ४५५ कोटी वर्षे. मग त्यांनी समुद्रतळाच्या गाळातले शिसे ताडून पाहिले. आलेखावर ते अशनींच्याच रेषेत बसले. अशनींचे वय पृथ्वीलाही लावता येते, याला आधार मिळाला तो या गाळाचा.

त्या आकड्यापुढे पॅटरसन यांनी चूकही नोंदवली होती, अधिक-उणे ७ कोटी वर्षे. विहिरीतला आपला दगड या चुकीच्या मर्यादेतच मावतो.