मिरचीचं पान मुरडलंय, आता काय मारू?

हे आपल्या मिरचीवाल्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं 'अं… म्हणजे…' काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आपल्यातले बरेच जण पुण्यात, नाशकात नोकरी करतात आणि घरची शेती व्हॉट्सअॅपवर बघतात. मिरचीची लागवड होऊन महिना-दीड महिना झाला की घरून एक फोटो येतो. शेंड्याचं पान आकसलेलं, मुरडलेलं. खाली एकच ओळ: "काय मारू?"

ह्याला चुरडा-मुरडा म्हणतात, काही भागांत बोकड्या. पण हे रोगाचं नाव नाही, लक्षणाचं नाव आहे. त्याच्या मागे प्रामुख्याने तीन वेगळी कारणं असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एक, बग तीन. आणि इथे चुकीचा पॅच मारला की नुसते पैसे जात नाहीत, कधीकधी बग वाढतो.

पहिला संशयित फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. मिलिमीटरभर लांबीचे किडे. पान खरवडून रस पितात, त्यामुळे पानाच्या कडा वर वळतात आणि पान होडीसारखं दिसतं. पान उलटून बघितलं तर रुपेरी चट्टे दिसतात. ह्यांना कोरडी, गरम हवा मानवते. दणकून पाऊस झाला की संख्या आपोआप घटते.

दुसरा कोळी, आणि खरा घोळ इथेच आहे. ह्याच्यामुळे पानाच्या कडा खाली वळतात, म्हणजे होडी पालथी होते. पानाचा देठ लांबतो, पान जाडसर आणि ठिसूळ होतं. कोळी हा कीटक नाहीच, आठ पायांचा प्राणी आहे आणि साध्या डोळ्यांना दिसतही नाही. नेहमीची बरीचशी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत. त्याला कोळीनाशक किंवा पाण्यात मिसळणारं गंधक लागतं (गंधक भर उन्हात मारलं तर पानं भाजतात, तेवढं सांभाळा). थ्रिप्स समजून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं तर कोळी जगतो, पण त्याला खाणारे मित्रजीव मरतात. मग आठवड्याभरात प्लॉट आणखी मुरडतो, आणि आपण म्हणतो, "औषध डुप्लिकेट निघालं." दर वेळी तसं नसतं हो.

तिसरा विषाणू. हा पांढऱ्या माशीकडून येतो. पान लहान, पिवळसर होतं, शिरा जाड होतात, झाड खुजं राहून झुडपासारखं गोळा होतं. ह्याच्यावर औषध नाही. दुकानात कुणी काहीही दाखवलं तरी नाही. फवारणीने फक्त माशी मरते, झाड बरं होत नाही. सुरुवातीलाच असं झाड दिसलं तर उपटून नष्ट करायचं. बाबांना हे पटवणं अवघड असतं, मान्य आहे. हिरवं झाड उपटायला हात धजत नाही. पण ते ठेवलं तर माशी तिथूनच विषाणू शेजारच्या ओळीत नेते.

आता ओळखायचं कसं? विषाणूतही पान वर वळू शकतं, त्यामुळे एका फोटोवर निर्णय नको. तीन फोटो मागवा: पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि पूर्ण झाड. शिवाय शेंडा किंवा फूल पांढऱ्या कागदावर झटकायला सांगा. थ्रिप्स असतील तर बारीक रेघांसारखे किडे पळताना दिसतात. कोळ्यासाठी मात्र दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एका फवारणीच्या खर्चापुढे ते काहीच नाही. आणखी एक खूण म्हणजे नवी फूट. किडीचा बंदोबस्त झाला तर नवी पानं सरळ येतात. विषाणू असेल तर नवं पानही वाकडंच.

ओळख पटवण्यावर मी एवढा जोर का देतोय, त्यासाठी २०२१ बघा. त्या हंगामात आंध्र आणि तेलंगणाच्या मिरचीवर थ्रिप्सची बाहेरून आलेली एक काळसर जात तुटून पडली. भारतात ती आधी पपईवर सापडली होती. आपला जुना थ्रिप्स मुख्यतः पानांवर असतो, ही जात फुलात शिरून बसते. फूल गळतं, म्हणजे मिरचीच धरत नाही. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, पण फुलाच्या आत औषध नीट पोचत नाही आणि मित्रकीटक मात्र मरतात. गुंटूरसारख्या मिरचीच्या माहेरघरात लोकांनी उभी पिकं उपटली.

अर्थात प्रत्येक फुलगळ किडीमुळे नसते. पारा ३५ अंशांच्या वर राहिला आणि रात्रीही गार झाल्या नाहीत, तर परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे सर्व्हर तापलाय म्हणून कीबोर्ड पुसणं.

खरी लढाई रोपवाटिकेत असते. गादीवाफ्यावर बारीक जाळीचं नायलॉन नेट टाकलं तर पांढरी माशी कोवळ्या रोपांपर्यंत पोचत नाही. विषाणूविरुद्ध मला हाच उपाय सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा वाटतो. मग प्लॉटच्या कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी, चंदेरी मल्चिंग, थ्रिप्ससाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे. आणि युरियाचा हात आखडता. लुसलुशीत पान आपल्याला छान दिसतं, तसं रस शोषणाऱ्या किडींनाही.

फवारायचंच ठरलं तर एकाच गटातलं औषध लागोपाठ मारू नका. नाव बदललं म्हणजे गट बदलला असं नाही, बाटलीवर घटकाचं नाव वाचा. तिथेच फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं तेही लिहिलेलं असतं. मिरचीचे तोडे पुन्हा पुन्हा होतात, त्यामुळे आज फवारणी आणि परवा तोडा असं सर्रास होतं. ती मिरची आपल्याच ठेच्यात येते, आणि निर्यातीला गेली तर तपासणीत अडकते.

पुढच्या भागात लाल मिरची वाळवणं: जमिनीवर पसरली की बुरशी कशी धरते आणि त्याने भाव कसा पडतो. भेटू!