रकान्यांची शुद्धि : खाडाखोड नव्हे, फेरफार

शेतकऱ्याची जमीन जशी शेतांत असते तशीच ती कागदावरही असते. आणि अनुदान, पीकविमा, कर्ज किंवा बियाण्याची वांटणी यांच्या वेळीं कागदावरील जमीनच मोजली जाते, हें आमच्या सभासद बंधूंस सांगावयास नको. पूर्वीं हा कागद वहीच्या रूपानें असे. सांप्रत तो संगणकावरील तक्त्याच्या रूपानें असतो. वही बदलली, तरी लिहिणारे हात अनेकच राहिले. एकानें क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलें, दुसऱ्यानें हेक्टर-आरांत. एकानें देवनागरी आंकडे घातले, दुसऱ्यानें इंग्रजी. अशा यादीची बेरीज करूं गेल्यास यंत्र अडतें. किंवा न अडतां चुकीची बेरीज देतें, आणि हें अधिक वाईट. आमच्या नोकरीचीं वर्षें महसुली दप्तरांत गेलीं. त्या अनुभवाच्या आधारें अशा याद्या शुद्ध कशा कराव्या याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

क्षेत्राचा रकाना

सर्वांत जोखमीचा रकाना हाच. एकराचे गुंठे ४० आणि गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, हें सर्वांस ठाऊक आहे. आतां यादींत एका सभासदापुढें ‘१.२०’ असें लिहिलें आहे असें समजा. लिहिणाराच्या मनांत १ एकर २० गुंठे, म्हणजे ६० गुंठे, होते. यंत्र मात्र तो दशांश अपूर्णांक समजतें. त्याच्या लेखीं ही जमीन ४८ गुंठे भरते. बारा गुंठे जागच्या जागीं नाहींसे झाले. शिवाय तक्त्याची प्रणाली शेवटचें शून्य निरर्थक मानून ‘१.२’ एवढेंच ठेवते. मग पुढचा वाचणारा १ एकर २ गुंठे असें वाचतो आणि ६० गुंठ्यांचे ४२ होतात. हेक्टरी दरानें मदत मिळावयाची असेल, तर या एका टिंबाचा भुर्दंड त्या कुटुंबास बसतो.

यावर उपाय असा कीं, मूळ यादी संगणकांत घेतांना क्षेत्र प्रथम संख्या म्हणून न घेतां अक्षरें म्हणून घ्यावें. मग टिंबाच्या किंवा आडव्या रेघेच्या अलीकडील व पलीकडील भाग निरनिराळे करावे. पलीकडील भाग सर्व यादींत कोठेंही ३९ च्या वर जात नसेल, तर ते बहुधा गुंठे आहेत असें समजावें. ४० किंवा अधिक आढळल्यास ते गुंठे असूं शकत नाहींत. ‘०.६०.७०’ अशीं दोन टिंबें असल्यास तें हेक्टर, आर व चौरस मीटर होय. मग गुंठ्यांस १.०११७ नें गुणून आर काढावे. वरील ६० गुंठ्यांचे ६०.७० आर होतात. शून्य आधींच गळालें असेल, तर तें कोणत्याही यंत्रास परत आणतां येणार नाहीं. तेथें सात-बाराचा उताराच पाहिला पाहिजे.

गट क्रमांकाचा रकाना

‘१२/१’ हा गट क्रमांक व हिस्सा एक्सेलच्या तक्त्यांत घातला कीं ती प्रणाली त्यास तारीख समजते. हें केवळ आपल्याच वांट्यास आलें आहे असें नाहीं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीं जनुकांचीं नांवें याच रीतीनें तारखा होऊन बसत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्यें जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकीं सुमारें पांचव्या हिश्श्यांत अशा चुका आढळल्या. आणि २०२० सालीं मानवी जनुकांस नांवें देणाऱ्या समितीनें ‘मार्च-१’ यासारखीं नांवेंच बदलल्याचें जाहीर केलें. आपणांस आपले गट बदलतां येत नाहींत. सबब तो रकाना आरंभापासून मजकुराचा रकाना म्हणून ठेवावा, हेंच योग्य.

नांवांचा व पिकांचा रकाना

‘शिंदे’ या नांवापुढें एक रिकामी जागा राहिली कीं यंत्रास तो दुसरा इसम वाटतो. ‘कुऱ्हाडे’ या आडनांवांतील अर्धा र टंकतांना दोन-तीन रीतींनीं उमटतो. डोळ्यांस सर्व सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या पोटांत त्यांचे संकेतांक निराळे असतात. अशा ठिकाणीं एक रीत ठरवून बाकीच्या तिच्यांत आणाव्या. तथापि, नांव जुळलें एवढ्यावरून दोन खातीं एक करूं नयेत. एका गांवांत एका नांवाचे दोन सभासद असणें नवलाचें नाहीं. खाते क्रमांक व गट क्रमांक पाहिल्यावांचून तेथें हात घालूं नये.

पिकांच्या रकान्यांत ‘तूर’ व ‘तुर’, ‘कापूस’ व ‘कपाशी’, ‘सोयाबीन’ व ‘सोया’ हीं जोडपीं हटकून सांपडतात. प्रथम रकान्यांतील प्रत्येक निराळा शब्द किती वेळां आला याची यादी काढावी, आणि मग अशुद्ध शब्दापुढें शुद्ध शब्द असा कोष्टक करावा. बदल करतांना संपूर्ण शब्द जुळला तरच बदलावा. ‘सोया’ दिसेल तेथें ‘सोयाबीन’ घाला अशी आज्ञा दिली, तर जेथें मूळचेंच ‘सोयाबीन’ आहे तेथें ‘सोयाबीनबीन’ होऊन बसतें.

कोरी जागा व निरंक

दप्तरांत ‘निरंक’ लिहिणें व जागा कोरी ठेवणें यांत अंतर आहे. निरंक म्हणजे कांहीं नाहीं असें पाहून लिहिलें. कोरी म्हणजे पाहिलेंच नाहीं. चार शेतकऱ्यांचें एकरी उत्पन्न ८, १०, कोरें व ६ क्विंटल असल्यास तिघांची सरासरी ८ येते. कोऱ्या जागीं शून्य भरलें तर ती ६ वर उतरते आणि चांगल्या वाणास उगीच दोष लागतो.

साधन व त्याची शिस्त

हीं सर्व कामें शेंपन्नास ओळींच्या यादींत हातानें होतील. हजारों ओळींत होणार नाहींत. यासाठीं पायथन ही संगणकाची आज्ञाभाषा फार उपयोगी आहे. ती गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तक्त्यांचें काम करणारा ‘पांडाज’ हा तिचा आज्ञासंग्रह वेस मॅकिनी या अमेरिकन गृहस्थानें २००८ सालीं रचावयास घेतला. दोन्ही विनामूल्य मिळतात. कडेच्या रिकाम्या जागा काढणारी ‘स्ट्रिप’, संपूर्ण मूल्य बदलणारी ‘रिप्लेस’ व निराळीं मूल्यें मोजणारी ‘व्हॅल्यू काउंट्स’ या आज्ञा प्रथम शिकाव्या. पायथन ‘१२’ हा देवनागरी आंकडाही संख्या म्हणून ओळखतें. मात्र ‘टू न्युमेरिक’ या आज्ञेंत न समजलेलें मूल्य मुकाट्यानें कोरें करून टाकण्याची एक सवलत आहे. ती वापरल्यास आधीं व नंतर कोऱ्या जागा किती, हें मोजल्यावांचून पुढें जाऊं नये.

परंतु आज्ञांपेक्षां शिस्त महत्त्वाची. गांवच्या दप्तरांत जुनी नोंद खरडून काढीत नाहींत. फेरफाराच्या नोंदवहींत कारण व क्रमांक लिहिला जातो. नोंद मंजूर झाल्यावर जुनें नांव कंसांत जातें व नवें दाखल होतें. म्हणूनच पन्नास वर्षांनींही कोणी विचारिलें तर उत्तर देतां येतें. तक्त्यांत हातानें एकेक घर बदलणें ही खाडाखोड होय. तिचा मागमूस राहत नाहीं. आज्ञांची लिहिलेली यादी ही मात्र फेरफाराची वहीच होय : कोणता बदल, कोणत्या नियमानें, कोणत्या क्रमानें झाला हें तींत राहतें, आणि मूळ प्रतीवर ती पुनः चालविल्यास तेंच फळ मिळतें.

सबब प्रत्येक संस्थेनें पुढील चार नियम पाळावे, अशी आमची सूचना आहे. मूळ यादीस हात लावूं नये. शुद्ध मूल्यें शेजारच्या नव्या रकान्यांत घालावीं. ओळींची संख्या आधीं व नंतर सारखी आहे हें पाहावें. जें कोणत्याही नियमांत बसत नाहीं तें तर्कानें न भरतां निराळ्या यादींत काढावें. आणि ती यादी सभासदांपुढें ठेवून उताऱ्यांवरून तपासावी. आज्ञा लिहिण्याचें काम संस्थेच्या सचिवास किंवा गांवांतील शिकलेल्या मुलामुलींस सांगतां येईल, परंतु ‘१.२०’ म्हणजे काय हें सांगणारा मनुष्य शेतकरीच आहे. त्यास विचारिल्यावांचून जी यादी शुद्ध झाली, ती शुद्ध दिसेल. खरी असेलच असें नाहीं.