लांब पल्ल्याची लेन्स : खिशाला परवडेल अशी कशी निवडावी?

फोटो स्टुडिओ हे आपल्या अनेक बांधवांच्या उपजीविकेचे साधन आहे. नांदेड-हिंगोली रस्त्यावरील आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, शाळांची स्नेहसंमेलने व दुकानांची उद्घाटने यांवर या धंद्याचे वर्ष निघते. घरोघर मोबाइल आल्यापासून यातील सोपी कामे हातची गेली. परंतु साधा मोबाइल जिथे अजूनही कमी पडतो, असे एक काम शिल्लक आहे. ते म्हणजे दूरचे छायाचित्र. मांडवाच्या मागच्या बाजूने घेतलेला वक्त्याचा चेहरा, कबड्डीतील पकड, हिंगोलीच्या दसऱ्यातील रामलीला किंवा ईसापूर धरणाच्या पाण्यावरील पक्षी, अशा फोटोंचे पैसे गिऱ्हाईक आजही देते. त्यासाठी टेलिफोटो लेन्स लागते. मात्र एका मोसमाची बचत तिच्यात जाते. म्हणून निवड चुकली तर माल कपाटात आणि भांडवल अडकून, अशी गत होते.

किती लांबी हवी?

पुष्कळजण मोठा आकडा पाहून लेन्स घेतात. आधी आपले काम किती फुटांवरचे आहे ते मोजावे. बहुतेक स्टुडिओंकडे लहान सेन्सरचे, म्हणजे एपीएस-सी जातीचे कॅमेरे आहेत. अशा कॅमेऱ्यावर २५० मि.मी.ची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर सुमारे ६५ फुटांवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत फोटोत भरतो. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी ६६ फूट असते, त्यावरून अंदाज येईल. स्टेज, कबड्डी, कुस्ती व शालेय क्रीडास्पर्धा यांना एवढी लांबी पुरते. मैदानाच्या सीमारेषेवरून फलंदाज टिपायचा किंवा पक्ष्यांचे फोटो काढायचे, तरच ६०० मि.मी.पर्यंत जावे लागते.

उजेडाचा हिशेब

लेन्सवर ‘एफ’पुढे जो आकडा असतो, तो जितका लहान तितका उजेड जास्त. एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ च्या चौपट उजेड घेते, म्हणूनच ७०-२०० एफ २.८ लेन्स महाग असते. दिवसा मैदानावर एफ ५.६ ने काम भागते. रात्रीच्या मांडवात मात्र ती अपुरी पडते. तिथे जवळ जाण्याची सोय असेल, तर ८५ मि.मी. एफ १.८ ही लहान लेन्स पुष्कळ कमी पैशांत एफ ५.६ च्या नऊ-दहा पट उजेड देते.

ऑनलाइन बाजारात ४२०-८०० मि.मी.ची लेन्स अत्यंत स्वस्तात दिसते. तिचा आकडा पाहून भुलू नये. ८०० वर तिचा एफ १६ होतो, म्हणजे एफ ५.६ च्या आठव्या हिश्श्याइतकाच उजेड मिळतो. फोकस हाताने करावा लागतो, कंपनरोधक नाही. पळता खेळाडू अशा लेन्समध्ये सापडणे कठीण.

परवडणारे पर्याय

कॅनन वापरणाऱ्यांसाठी ५५-२५० आयएस एसटीएम (२०१३) हा चांगला पर्याय आहे. वजन फक्त ३७५ ग्रॅम, आणि हात हलल्याचा दोष आवरणारी आयएस यंत्रणा तिच्यात आहे. ७५-३०० ही जुनी लेन्स आकड्याने मोठी आणि किमतीने स्वस्त दिसते. परंतु तिच्या नेहमीच्या आवृत्तीत ही यंत्रणा नाही व ३०० वर फोटो मऊ येतो. ५५-२५० ही ईएफ-एस जातीची असल्याने ५डी, ६डी यांसारख्या मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर ती बसत नाही.

निकॉनमध्ये एएफ-पी ७०-३०० व्हीआर (२०१६) उत्तम आहे, पण ती डी९०, डी३१००, डी३२००, डी५१०० यांसारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही. अशांनी एएफ-एस ५५-२०० किंवा ५५-३०० व्हीआर पाहावी. डी३००० व डी५००० मालिकांतील बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे मोटर नसलेली जुनी एएफ लेन्स त्यांवर फक्त हातानेच फोकस होते.

पक्षी व मोठ्या मैदानांसाठी टॅमरॉन किंवा सिग्मा कंटेम्पररी १५०-६०० आहे. वजन सुमारे दोन किलो, तेव्हा मोनोपॉडचा खर्चही धरावा. असा खर्च एकट्याने न उचलता दोन-तीन स्टुडिओवाल्यांनी भागीदारीत करावा. कोणी कोणत्या दिवशी वापरावी आणि नुकसान झाल्यास भरपाई कशी, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे.

जुना माल, पण तपासून

२०१८ पासून कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या मालिकांकडे वळल्या. त्यामुळे डीएसएलआरच्या वापरलेल्या लेन्स बाजारात पुष्कळ येतात. पुढे आपण मिररलेस घेतला तरी यातील बऱ्याच लेन्स त्याच कंपनीच्या अडॅप्टरवर चालतात. जुनी लेन्स घेताना आपला कॅमेरा सोबत न्यावा आणि एवढे पाहावे :

१. टॉर्च लावून आरपार पाहावे. आत जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, अशी लेन्स घेऊ नये.

२. रस्त्यापलीकडील दुकानाची पाटी पूर्ण झूमवर टिपावी, एकदा पूर्ण उघड्या एफवर व एकदा एफ ८ वर. फोटो मोठा करून अक्षरांच्या कडा पाहाव्यात, मधल्याही व कोपऱ्यांतल्याही.

३. शटर १/६० वर ठेवून कंपनरोधक चालू-बंद करून फोटो घ्यावेत. दोन्हींत फरक दिसलाच पाहिजे.

४. जवळची व दूरची वस्तू आलटून पालटून फोकस करावी.

५. बिल घ्यावे व त्यावर लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा.

पैसे कधी वसूल होतील?

समजा, लेन्स १२,००० रुपयांना पडली आणि तिच्यामुळे एका कामामागे १,००० रुपये जादा मिळाले, तर १२ कामांत ती फिटते. वर्षात अशी १२ कामे आपल्याकडे येतात का, हे मागील वर्षाच्या वहीत पाहावे. येत नसतील तर लेन्स भाड्याने आणणे शहाणपणाचे. हप्त्यावर घेणाऱ्याने व्याज व इतर आकार मिळवून खरी किंमत काढावी. स्वस्त दिसणारा माल तिथेच महाग होतो.

लेन्स घरी आल्यावर पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आणखी एक पथ्य पाळावे. लांब लेन्सने कुणाचाही चेहरा त्याच्या नकळत टिपता येतो. लग्नात स्त्रियांच्या बाजूकडे यजमानांच्या परवानगीशिवाय ती रोखू नये. लेन्स बिघडली तर दुसरी घेता येते, पण गावातला विश्वास एकदा गेला की कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.