हँडब्रेक वर का येतो?

वर्तकनगरात आमचं व्याख्यान म्हटलं की लोक शंकराचार्य किंवा कांट ऐकायच्या तयारीने येतात. आज हँडब्रेक आहे. त्याला कारणही तसंच आहे. आपल्याकडे म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. गाड्या पोडियमवर चढल्या. इतकी वर्षं इमारतीपुढच्या सपाट जागेत उभी राहणारी मारुती ८०० आता रॅम्पच्या तोंडाशी उभी दिसते. सपाटीवर बिघडलेला हँडब्रेक कळतच नाही. तो कळतो उतारावर, आणि तेव्हा गाडीत कोणी नसतं.

हे ‘कोणी नसतं’ महत्त्वाचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम १२६ काढून बघा. चालक जागेवर नसताना गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी तजवीज करूनच ती सोडावी, इंजिन बंद करावं, ब्रेक लावावा, असा त्याचा आशय आहे. पायाचा ब्रेक आपण असेपर्यंतच काम करतो. हँडब्रेकचं खरं काम आपण गेल्यावर सुरू होतं. आणि खाली मुलं खेळत असतात, हे वेगळं सांगायला नको.

आता यंत्र बघू. मारुती ८०० आपल्याकडे १९८३ ते २०१४ एवढ्या काळात बनली, अजूनही पुष्कळ दिसते, म्हणून तीच डोळ्यांपुढे ठेवू. दोन सीटच्या मध्ये दांडी. ती ओढली की खाली केबल ओढली जाते. केबल मागच्या दोन चाकांपर्यंत जाते. तिथे ड्रम आहे, पातेलं पालथं घातल्यासारखा, आणि तो चाकाबरोबर फिरतो. ड्रमच्या आत दोन अर्धगोल ब्रेक-शू, त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं. पायाचा ब्रेक दाबला तर तेलाच्या दाबाने हे शू फाकतात. हँडब्रेक ओढला तर तेच शू एका छोट्या तरफेने फाकतात. म्हणजे ओढायची रीत वेगळी, पण शेवटी घासतात ते शू तेच. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तक्रार बहुतेकांची एकच असते: ‘हँडब्रेक फार वर येतो आणि तरी गाडी धरत नाही.’ गॅरेजमध्ये नेलं की पोरगा दांडीखालचं कव्हर काढतो, नट चार आटे फिरवतो, दांडी खाली येते. दोन मिनिटांचं काम. आमच्याच गाडीच्या बाबतीत एका गॅरेजने आठ महिन्यांत तीनदा हे केलं. चौथ्यांदा नटाला आटेच शिल्लक राहिले नाहीत. मग दुसऱ्या मिस्त्रींनी ड्रम उघडला. आत लायनर कागदाइतकं उरलं होतं.

इथे आमचा विषय येतो, थोडा सहन करा. न्यायशास्त्रात कार्यावरून कारण ओळखायच्या अनुमानाला ‘शेषवत्’ म्हणतात. वात्स्यायनांनी दिलेलं उदाहरण नदीचं आहे: पात्र भरून पाणी वेगाने वाहताना दिसलं, तर वर पाऊस झाला असं आपण म्हणतो. पण न्यायसूत्रांतच आक्षेप घेतलेला आहे की नदी अडवल्यामुळेसुद्धा पाणी चढेल की. मग अनुमान खोटं पडलं? उत्तर फार सुंदर आहे. नुसतं पाणी चढलं एवढ्यावर कोणी पाऊस ठरवत नाही. फेस, ओढ, वाहत आलेली पानं आणि लाकडं, हे सगळं मिळून पावसाचं चिन्ह होतं. अडवलेल्या पाण्यात ते नसतं.

दांडी वर येणं हे नुसतं पाणी चढणं आहे. त्याची कारणं निदान दोन: केबल सैल झाली, किंवा शू ड्रमपासून लांब गेले. मग फेस आणि पानं कुठली? पायाचा ब्रेक दाबून बघा. तो खोल जात असेल आणि दोनदा पंप केल्यावर वर येऊन घट्ट लागत असेल, तर शू लांब गेलेत, कारण तेल आणि केबल दोन्ही त्याच शूंना हलवतात. पाय नेहमीसारखा वरच लागतो आणि दांडी तेवढी वर येते, तर संशय केबलवर. दांडी घट्ट लागते पण गाडी सरकते, तर लायनरला तेल लागलं असेल किंवा केबल नळीत गंजून अडकली असेल. दांडी वर थांबतच नाही, सुटून खाली पडते, तर खालचे दाते झिजलेत. तिथे नट फिरवून काही होणार नाही.

दुरुस्तीचा क्रम याच्यावरूनच ठरतो, आणि तो उलटा करू नये. गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागची बाजू उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, यावर चर्चा नाही. हँडब्रेक पूर्ण खाली, गाडी न्यूट्रलला. आधी केबल सैल सोडायची. मग ड्रम काढून लायनर बघायचं, गरज असेल तर बदलायचं, शू ड्रमच्या जवळ आणायचे. सगळ्यात शेवटी केबलचा नट.

आधी सैल का सोडायची? पुष्कळ गाड्यांत शू जवळ आणणारी दातेरी पट्टी आपोआप काम करते. केबल कायमची ताणलेली असली की आतली तरफ मागे पूर्ण परतत नाही, आणि ही पट्टी पुढे सरकूच शकत नाही. म्हणजे वरून नट आवळणारा माणूस खालची आपोआप होणारी दुरुस्ती बंद पाडतो! लायनर झिजत जातं आणि पुन्हा नट आवळावा लागतो. वर शू घासत राहून ड्रम तापतो ते वेगळंच.

नट बसवल्यावर एकेक खटका ओढत चाकं हाताने फिरवून बघा. दोन्ही चाकं साधारण बरोबरच जड व्हायला हवीत. एकच झालं तर दुसऱ्या बाजूची केबल तपासा. किती खटक्यांवर पक्कं धरायला हवं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. आणि दांडी खाली केली की चाक मोकळं फिरलंच पाहिजे. हे लोक बघत नाहीत.

दोन गोष्टी पटकन. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. आणि तेल प्यायलेलं लायनर पॉलिशपेपरने घासून परत बसवायची पद्धत आहे, ती गरिबीची नाही, आळसाची आहे. तेल चाकाच्या सिलिंडरमधून गळतं. आधी ते थांबवा, मग दोन्ही बाजूंचे शू बदला. पंधरा वर्षांपुढच्या खाजगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवताना आरटीओत तपासणी होतेच, पण त्या एका दिवसापुरता ब्रेक नीट करून काय उपयोग?

आपल्या पावसाचं शेवटी सांगतो. केबलच्या नळीत पाणी शिरतं, आतली तार गंजते. वरून तेल सोडलं तर चार दिवस हलते. गंज दिसला की केबल बदलावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सपाटीवर ठेवा, हँडब्रेक सोडून गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. नाहीतर ओलीने शू ड्रमला चिकटून बसतात.

येऊरच्या चढावर थांबलात तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही हवेत. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. दगड मात्र निघताना उचलून बाजूला टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.